डोंगराची सायकल, डांबराचे टायर

या वेळच्या टपालात एकाच विषयाची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. घरात एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांची सायकल) आहे, तिच्यावरून रोज कामाला जायचं आहे, तर टायर कोणते घालावेत? एकच शंका दोघातिघांनी विचारली असेल तिथे एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : माझी एमटीबी २६ इंची आहे. टायर २.१० चे, मोठ्या दातांचे. मुलुंडहून पवईला ऑफिसला जातो, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. सायकल जड चालते आणि सारखी घोंघावते. दुकानदार म्हणतो, मिळेल तो सर्वांत पातळ टायर घाला, पळेल. घालू का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : जडपणा आणि घोंघावणं ही दोन्ही त्या दातांची करणी. मातीत दात रुततात आणि पकड देतात. डांबरात किंवा काँक्रीटमध्ये ते रुतणार कुठे? मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ते दबतात, वाकतात, पुन्हा सरळ होतात, आणि तुमच्या पायांची ताकद रबर तापवण्यात जाते. वळणावर बाजूचे दात आडवे झोपतात, तेव्हा सायकल क्षणभर हातातून निसटल्यासारखी वाटते. टायर बदलायलाच हवेत.

पण सर्वांत पातळ नको. पातळ टायरमध्ये हवा थोडी मावते, म्हणून ती खूप दाबाने भरावी लागते. गुळगुळीत रस्त्यावर ते चालून जातं. तुमच्या वाटेवरच्या एलबीएस मार्गावर मात्र डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि बुजवलेले चर असं सगळं एका किलोमीटरात भेटतं. तिथे कडक पातळ टायर प्रत्येक उंचवट्यावर उडतो. त्या उडण्यात वेग जातो, मनगटं दुखतात आणि खड्ड्याची कड थेट रिमला लागते. नक्षी जवळजवळ नसलेला पण बऱ्यापैकी रुंद टायर, म्हणजे १.५० ते १.७५ इंच, हा तुमच्या रस्त्याला योग्य. पाठीवर किंवा कॅरिअरवर लॅपटॉप, डबा, पाणी असं पाच-सहा किलो ओझं असेल तर १.७५ च घ्या. खूप खड्डे असतील तर गुळगुळीत २.०० सुद्धा वाईट नाही, तुमच्या २.१० च्या दातेरी टायरपेक्षा तो हलकाच चालेल.

दुसरी अडचण रिमची. एमटीबीचं रिम रुंद असतं. आतल्या दोन भिंतींमधलं अंतर साधारण १९ ते २५ मिलिमीटर, नव्या सायकलींत त्याहूनही जास्त. टायरची रुंदी या अंतराच्या निदान दीडपट असावी. म्हणजे आतून १९ चं रिम असेल तर २८ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, आणि २५ चं असेल तर ३८ च्या खाली. पातळ टायर रुंद रिमवर चढवला की तो चपटा पसरतो, रिमची कड टायरच्या बरोबरीला येते आणि पहिल्याच खड्ड्यात रिम चेपतं. रिमवर किंवा त्याच्या स्टिकरवर ५५९ × १९ असा आकडा असतो, त्यातला १९ म्हणजे ही आतली रुंदी.

कोणता टायर? मुंबईच्या रस्त्यावर आम्ही पंक्चररोधक थराला पहिला मान देतो. श्वाल्बे मॅरेथॉनमध्ये ३ मिलिमीटरचा थर असतो, मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटरचा. प्लस जवळजवळ पंक्चर होत नाही, पण १.७५ चा एकेक टायर किलोच्या आसपास भरतो, चढवायला चिवट आणि चालवायला थोडा मठ्ठ. बारा महिने रोज जाणाऱ्याला तो परवडतो. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला साधा मॅरेथॉन पुरे. केंडा क्वेस्ट १.५० हलका आणि स्वस्त आहे, फक्त काचेपुढे तो मॅरेथॉनइतका टिकाव धरत नाही. राल्सन, मेट्रो या लुधियानाच्या कंपन्यांचे साधे टायर कितीतरी कमी पैशांत मिळतात. तसा घेतलात तर मधल्या पट्ट्याचं रबर जाड आहे ना, आणि बाजूवर जास्तीत जास्त हवेचा आकडा निदान ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे ना, एवढं बघून घ्या.

टायर लहान झाल्याने सायकल सेंटिमीटरभर खाली येईल आणि सगळे गिअर तीनेक टक्क्यांनी हलके होतील. ब्रेकला काही फरक पडत नाही, रिम तेच आहे.

प्रश्न : काळबादेवीहून '२६ चा रोड टायर' म्हणून २६ × १-३/८ चा जोड आणला. रिमवर बसतच नाही, सैल पडतो. टायर खराब निघाला की रिम वाकडं? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोन्ही चांगले आहेत, एकमेकांचे नाहीत. टायरवरचा इंचांचा आकडा हा जुन्या काळचा बाहेरचा व्यास, तोही अंदाजाचा. रिमला टायर जिथे बसतो त्या जागेचा व्यास बाजूवर वेगळा छापलेला असतो : ४७-५५९ असा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे.

२६ च्या एमटीबीचा व्यास ५५९. तुम्ही आणलेल्या १-३/८ चा व्यास ५९०, म्हणजे ३१ मिलिमीटर मोठा, सैल पडणारच. खरी गंमत २६ × १.५० आणि २६ × १-१/२ यांची. गणितात दोन्ही सारखे, पण दशांशवाला ५५९ चा आणि अपूर्णांकवाला ५८४ चा. दुकानात 'सव्वीस दीड' म्हणालात तर समोर काय येईल याचा भरवसा नाही. म्हणून नाव सोडा, 'पाचशे एकोणसाठ' म्हणा आणि टायर हातात घेऊन आकडा वाचा. २७.५ च्या एमटीबीला ५८४ लागतो, २९ च्या एमटीबीला ६२२, आणि आपल्या काळ्या २८ इंची दूधवाल्या सायकलीला ६३५.

न वापरलेला टायर दुकानदार बहुधा बदलून देईल. मात्र पान्याने खेचून चढवायचा प्रयत्न केला असेल तर कडेच्या तारेला पीळ पडला आहे का ते आधी बघा.

प्रश्न : गुळगुळीत टायर पावसात घसरत नाही का? घरचे म्हणतात, जून ते सप्टेंबर दातेरीच राहू द्या. — विलेपार्ले आणि सानपाडा येथील वाचक

उत्तर : मोटारीच्या टायरला खाचा लागतात त्या रुंद टायरखालचं पाणी बाहेर काढायला, नाहीतर गाडी पाण्यावर तरंगते. सायकलचा टायर अरुंद, गोलाकार आणि दाबाने भरलेला असतो. तो पाणी कापून खाली टेकतो. ५० पीएसआयचा टायर पाण्यावर तरंगायला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग लागेल. तो तुम्ही कुठल्याही पुलाच्या उतारावर गाठणार नाही. ओल्या डांबरावर पकड मिळते ती रबर रस्त्याला टेकण्यातून, आणि गुळगुळीत टायरचं रबर दातेरीपेक्षा जास्त टेकतं. उलट दातेरी टायर ओल्या काँक्रीटवर मोजक्या बोटांवर उभा असतो.

मग माणसं पडतात कशावर? झेब्रा क्रॉसिंगच्या आणि पट्ट्यांच्या रंगावर, गटाराच्या लोखंडी झाकणांवर, पुलांच्या सांध्यांतल्या लोखंडी पट्ट्यांवर, शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर. आणि पहिल्या पावसात, जेव्हा उन्हाळाभर सांडलेलं डिझेल वर येतं. बसथांबे आणि सिग्नलच्या आधीची वीस-पंचवीस मीटरची जागा त्यातली सर्वांत वाईट. या ठिकाणी कुठलीच नक्षी उपयोगाची नाही. झाकण किंवा पट्टी ओलांडताना सायकल उभी ठेवा, हँडल सरळ ठेवा, पुढचा ब्रेक सोडा. सांधा आडवा घ्या, तिरका नको. जवळजवळ समांतर जाणाऱ्या फटीत चाक अडकलं की सावरायला वेळ मिळत नाही.

हवा नेहमीपेक्षा पाचेक पीएसआय कमी ठेवलीत तर ओल्यात पकड सुधारते. याहून कमी नको. साचलेल्या पाण्याखालचा खड्डा दिसत नाही.

टायरवर बारीक खाचा असल्या तरी हरकत नाही, नसल्या तरी नाही. खाली चिखल असेल तेव्हाच दात कामाचे.

प्रश्न : हवा किती भरावी? टायरवर 'जास्तीत जास्त ६५' लिहिलं आहे, मी ६५ भरतो. माझं वजन ८२ किलो, टायर १.७५ चे. हात बधिर होतात. — एक वाचक, अंधेरी

उत्तर : तो आकडा मर्यादेचा आहे, शिफारशीचा नाही. हवा ठरते तुमच्या वजनावर, ओझ्यावर आणि टायरच्या रुंदीवर.

१.७५ च्या टायरला मागच्या चाकात ६० किलोच्या माणसाने ४५ पीएसआय, ७५ किलोच्याने ५२, ९० किलोच्याने ६० भरावी. टायर १.५० चा असेल तर हेच आकडे ५०, ६० आणि ७०. पुढच्या चाकावर भार कमी येतो, तिथे ५ ते ८ ने कमी. तुमची बॅग धरून ८५ होतात असं समजू : मागे ५८, पुढे ५०. दोन दिवस चालवा, मग २-३ पीएसआय इकडेतिकडे करून बघा. खड्ड्यात रिमचा 'टक्' असा आवाज आला तर हवा कमी आहे. बारीक खडीवर तुमचे स्वतःचे दात वाजत असतील तर जास्त.

अंगठ्याने दाबून हवा कळत नाही. ४० च्या पुढे सगळे टायर अंगठ्याला दगडच लागतात. मीटर असलेला उभा पंप घ्या. टायरइतकाच उपयोग त्याचा होतो. पेट्रोल पंपावर भरायची तर फक्त मोटारीसारखा वॉल्व असेल तरच, आणि आकडा स्वतः सांगून. तिथली हवा मोटारीच्या टायरसाठी असते, सायकलच्या ट्यूबमध्ये ती दोन-तीन सेकंदांत भरते आणि बेसावध राहिलात तर टायर रिमवरून उडतो.

दर रविवारी हवा तपासा. ट्यूबमधून ती हळूहळू झिरपतेच.

प्रश्न : रोड टायर घातल्यापासून पावसाळ्यात पाच पंक्चर झाले, चार मागच्या चाकात. पंक्चरवाला म्हणतो, टायर पातळ आहे म्हणून. काय करू? — एक वाचक, डोंबिवली. जवळपास हीच तक्रार ठाण्याहून आणि चेंबूरहून

उत्तर : पुढच्या वेळी पंक्चर काढून घेताना भोक बघा. कारण तिथे लिहिलेलं असतं.

दोन बारीक चिरा शेजारी-शेजारी, साप चावल्यासारख्या : खड्ड्यात ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली. हवा कमी होती. टायरचा दोष नाही.

एकच भोक, रस्त्याच्या बाजूला : काच, खिळा किंवा तार. मुंबईत सर्वांत त्रासदायक तार ती फुटलेल्या ट्रकच्या टायरातली. हमरस्त्यांच्या कडेला रबराच्या चिंध्यांबरोबर ती पडलेली असते, केसासारखी बारीक, पोलादी. ती टायरमध्ये रुतते, बाहेरून दिसत नाही, आणि ट्यूब बदलली तरी तिसऱ्या दिवशी नवीन भोक पाडते. 'त्याच चाकात पुन्हा पुन्हा' याचं कारण पुष्कळदा एकच तार असते. ती शोधायला टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तार असेल तिथे कापूस अडकतो. बोटं फिरवू नका. मग चिमट्याने ती उपटा. ट्यूब टायरमधून काढताना वॉल्व टायरवरच्या कोणत्या अक्षरापाशी होता ते लक्षात ठेवा, म्हणजे ट्यूबच्या भोकावरून टायरची जागा थेट सापडते.

भोक रिमच्या बाजूला : रिमवरची पट्टी सरकली किंवा फाटली आणि स्पोकचं टोक किंवा भोकाची कड ट्यूबला लागली. दातेरी टायरला ३५ पीएसआय असताना जी पट्टी चालत होती ती ६० ला दबून भोकात शिरते. टायर बदलताना कापडी पट्टी नवीन घाला, रिमच्या आतल्या रुंदीइतकी.

वॉल्वच्या मुळाशी चीर : हवा कमी ठेवून जोरात ब्रेक मारले की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूब ओढली जाते. तुमचा वॉल्व बारीक, पितळी टोकाचा असेल आणि रिमचं भोक मोटारीच्या वॉल्वचं असेल, तरी हेच होतं. तिथे रबरी बूच बसवा.

आता तुमच्या पाच पंक्चरांचं आणखी एक कारण असू शकतं, आणि ते आम्हाला दाट वाटतं : जुनीच ट्यूब. २६ × १.९-२.१२५ लिहिलेली ट्यूब १.५० च्या टायरमध्ये कोंबली की तिला घडी पडते. त्या घडीवर ट्यूब घासते आणि चिरते. नवीन ट्यूबवर १.५-१.७५ लिहिलेलं हवं. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जुनी ट्यूब ठेवणं हे या कामातलं सर्वांत महाग काटकसरीचं उदाहरण.

मागच्या चाकात जास्त पंक्चर होतात हे खरं. वजन तिथे असतं, आणि पुढचं चाक आडवी पडलेली काच उभी करून मागच्याला देतं. पावसात भर पडते ती पाण्याची. ओलं रबर काचेला सहज कापू देतं. ओल्यात पॅच चिकटत नाही, म्हणून बॅगेत पॅचच्या आधी एक जादा ट्यूब ठेवा आणि पंक्चर घरी काढा.

पंक्चररोधक पट्टी आत घालण्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे. तिची कड ट्यूबला घासून स्वतःच भोक पाडते. घालायचीच तर टोकांवर पावडर लावा आणि एकावर एक येणारी टोकं घासून पातळ करा. ट्यूबमध्ये घालायचा द्रव बारीक भोकं बुजवतो, पण वॉल्वही बुजवतो आणि आपल्या उन्हाळ्यात काही महिन्यांत वाळून जातो. भरीव रबरी टायर घेऊच नका. पंक्चर होत नाही, त्याऐवजी स्पोक तुटतात.

टायर चढवताना कुठे चुकतं तेही सांगतो, कारण बरीच पंक्चरं तिथेच होतात. बाजूवरचा बाण पुढे जाण्याच्या दिशेला ठेवा. एक कड पूर्ण चढवा. ट्यूबमध्ये तिला गोल आकार येईल इतकीच हवा भरा आणि ती टायरमध्ये बसवा. दुसरी कड वॉल्वच्या बरोबर समोरून चढवायला सुरुवात करा आणि वॉल्वपाशी संपवा. वॉल्वपाशी कड रिमच्या खोलगट भागात जाऊ शकत नाही. तिथून सुरू केलंत तर शेवटचा भाग चढणार नाही आणि हात स्क्रूड्रायव्हरकडे जाईल. शेवटचे दहा-पंधरा सेंटिमीटर राहिले की बाकीची कड दोन्ही बाजूंनी चिमटून रिमच्या मध्ये ढकला, सैलपणा मिळतो. अंगठ्यानेच चढवा. लागलाच तर प्लॅस्टिकचा लिव्हर. मग वॉल्व आत ढकलून सोडा, म्हणजे तिथे ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. २० पीएसआय भरा, चाक फिरवा. टायरच्या कडेजवळची बारीक रेष रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडाली असेल तर हवा सोडून साबणाचं पाणी लावा. मग पूर्ण भरा.

प्रश्न : माझी सायकल २९ ची आहे. रेसिंग सायकलीचे ७०० चे टायर बसतील का? — एक वाचक, खारघर

उत्तर : बसतील. २९ आणि ७००सी दोन्हींचा व्यास ६२२. रिम रुंद असतं, तेव्हा २५-२८ विसरा. ७०० × ३८ किंवा ४० घ्या. त्या आकारात चांगल्या टायरांची निवड २६ पेक्षा जास्त आहे, हा तुमचा फायदा. मडगार्ड आणि टायर यांत चहूबाजूंनी निदान ६ मिलिमीटर जागा राहू द्या.

प्रश्न : सोमवार ते शुक्रवार ऑफिस, रविवारी येऊरच्या कच्च्या वाटा. दर आठवड्याला टायर बदलू का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. महिन्याभरात तुम्हीच कंटाळाल, आणि प्रत्येक वेळी ट्यूब चिमटायचा धोका. मध्ये सलग गुळगुळीत पट्टा आणि बाजूला दात असा टायर मिळतो, १.९ च्या आसपास. रस्त्यावर ६० टक्क्यांच्या वर चालवत असाल तर तो घ्या. कच्च्यावर गेलात की हवा ३५ वर आणा. चिखलात तो भरवशाचा नाही, तेव्हा पावसाळ्यातले रविवार घाटापुरते ठेवा. पैसे असतील तर दुसरा चाकांचा जोड, कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या) आणि ब्रेकची डिस्क बसवलेला, हा खरा उपाय.

प्रश्न : सध्या एकच टायर घेणं जमेल. पुढे घालू की मागे? — एक वाचक, भांडुप

उत्तर : पुढे. मागचं चाक घसरलं तर पाय टेकून सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खाली. मागे तुमचा जुन्यातला बरा टायर ठेवा, फक्त त्याच्या बाजूला चिरा नकोत आणि मधून कापडाचे धागे दिसता कामा नयेत. पुढे जेव्हा मागचा झिजेल, तेव्हाही नवीन टायर पुढेच घाला आणि पुढचा मागे न्या.

प्रश्न : टायर बदलल्यावर सायकलचा मीटर रोजच्या रस्त्याला अर्धा किलोमीटर जास्त दाखवतो. — एक वाचक, बोरिवली

उत्तर : चाक लहान झालं, मीटरला ते सांगायचं राहिलं. २६ × २.१० साठी मीटरमध्ये २०६८ मिलिमीटरचा घेर असतो, १.५० ला साधारण २०१०. नेमका आकडा घरीच काढा : ठरलेली हवा भरा, वॉल्व खाली आणा, जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून चाकाच्या बरोबर दोन फेऱ्या सरळ पुढे जा, पुन्हा खूण करा. अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, दोनने भागा आणि तो आकडा मीटरमध्ये घाला. बसूनच करा, वजनाने टायर दबतो तेवढा घेर कमी होतो. इमारतीच्या आवारात वॉचमनला टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलंत की पाच मिनिटांचं काम आहे.